बाजूला न काढलेला गोळा

मुलांनो,

धाकटीचं पत्र मंगळवारी आलं. पावाचे रोल तिसऱ्यांदाही जमले नाहीत, असं तिने लिहिलं आहे. खालून करपले नाहीत, वरून रंग चांगला आला, मऊही झाले, पण "तुझ्या आईचे जसे व्हायचे असं तू सांगतेस, तसे काही ते नाहीत." आणि शेवटी विचारलं आहे, "आजी, कृतीत काही लिहायचं राहिलंय का?"

हो, राहिलं होतं. हाच प्रश्न मी माझ्या आईला विचारला होता, जवळजवळ याच शब्दांत. तिने काय उत्तर दिलं आणि त्यानंतर काय झालं, ते मी तुमच्या आजोबांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आईलाही नाही. आता आजोबा नाहीत, आणि माझ्या उजव्या डोळ्याचं जे चाललं आहे ते पाहता यापुढे फार दिवस मला स्वतःच्या हाताने लिहिता येईल असं वाटत नाही. दुसऱ्या कुणाला सांगून लिहवून घ्यावं अशी ही गोष्ट नाही. म्हणून आत्ताच लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि आयुष्यभर मी इंग्रजीच शिकवलं. पण इंग्रजीत मला सगळं नीटनेटकं करून लिहायची सवय आहे, आणि हे तसं लिहायचं नाही. तुमची आई वाचून दाखवील.

आम्ही पिंपरीला राहायला आलो ते १९५५ च्या पुढेमागे. तुमच्या आजोबांना तिथल्या एका नव्या सरकारी कारखान्यात, बॉयलरवर, नोकरी लागली होती. कामगारांची वसाहत अजून बांधून होतच होती. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे हातभर ओटा, आणि ओट्यापासून कुंपणापर्यंत नुसता मुरूम. सावलीला एक झाड नव्हतं. एका अंगाला निर्वासितांचा कॅम्प, दुसऱ्या अंगाला बाजरीची शेतं. मी चिंचवडच्या एका शाळेत शिकवायला जाई. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून उजाडता उजाडताच घर सोडावं लागे.

वडील गेल्यावर आई नगरहून आमच्याकडे आली. एक ट्रंक, एक वळकटी आणि मांडीवर धरलेली चिनी मातीची बरणी. एस.टी.त तिने ती बरणी कुणाला हात लावू दिली नव्हती. बरणीत खमीर होतं.

खमीर म्हणजे आंबलेल्या पिठाचा गोळा. तो ताज्या पिठात मिसळला की सगळं पीठ फुगतं. हे खमीर आईच्या आईचं होतं, म्हणजे तुमच्या खापरपणजीचं. ती नगरला मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकघरात कामाला होती. तिथल्या मडमेने तिला डिनर रोल करायला शिकवले. विलायतेहून येणारं यीस्ट इथे पोचेपर्यंत निकामी होऊन जाई, तेव्हा खापरपणजीने शिंदीत पीठ भिजवून पाहिलं. शिंदी म्हणजे शिंदीच्या झाडाचा रस. पहाटे गोड असतो, उन्हं चढली की फसफसायला लागतो आणि दुपारपर्यंत माणसाला चढण्याजोगा होतो. त्या रसावर तिने पहिला गोळा धरला. पुढे शिंदी लागली नाही. एका गोळ्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असं ते खमीर चालत राहिलं आणि मुलीच्या लग्नात तिच्याबरोबर गेलं. आमच्या घरी त्यांना कुणी डिनर रोल म्हणत नसे, नुसतं रोल म्हणत. लिंबाएवढे गोळे ट्रेमध्ये एकाला एक लावून ठेवायचे, ते भाजताना एकमेकांना चिकटत. सोडवताना पांढरे धागे ताणले जात. चव किंचित आंबूस, मागून गोड. शनिवारी भाजायचे आणि रविवारी चर्चमधून आल्यावर मटणाच्या रश्श्याबरोबर खायचे.

आई आली आणि पहिल्या महिन्यातच तिने रॉकेलच्या डब्याची भट्टी करून घेतली. कॅम्पाजवळ पत्र्याचं काम करणारा एक कारागीर होता. तो तिला म्हणाला होता, "चाची, इसमें मुर्गी पालोगी क्या?" आईने त्याला पुढच्या शनिवारी दोन रोल नेऊन दिले. त्यानंतर भट्टीचं दार ढिलं झालं की तो आपण होऊन येऊन ठोकून देई.

कृती लिहून घ्यायचं माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि मला वाटे की जे कागदावर नाही ते खरं नव्हे. एका रविवारी मी वही घेऊन आईसमोर बसले.

"लिहायचं काय त्यात?" आई म्हणाली. "हात घाल, कळेल."

"माझ्या हाताला नाही कळत. मैदा किती?"

"लागेल तेवढा."

"आई, लागेल तेवढा म्हणजे किती?"

"तुझ्या नवऱ्याला विचार. तो कोळसा मोजून घालतो म्हणे बॉयलरात."

तुमचे आजोबा ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. "मला यात ओढू नका, आई," ते म्हणाले. "मी फक्त खाणाऱ्यांतला."

शेवटी मी काय केलं, तर तिने पिठात हात घातला की तिची मूठ माझ्या कपात रिकामी करायची आणि मोजायचं. आजोबांचं घड्याळ शेजारी ठेवलं. दूध किती कोमट, हे मी करंगळी बुडवून दहा आकडे म्हणून ठरवलं. भट्टी तापली की नाही हे पाहायला आई ट्रेवर चिमूटभर मैदा टाकी. तो किती वेळात तांबूस होतो तेही मी लिहिलं. एकूण तेरा ओळी झाल्या. पहिली ओळ होती, "खमीर – बरणीतलं." मी त्यांची स्वच्छ प्रत केली आणि तिला वाचून दाखवली.

"काही राहिलं का?"

"नाही गं बाई, सगळं आलं. आता तुझा कागदच भाजेल रोल."

पुढचा हिवाळा संपता संपता आईला अर्धांगवायू झाला. सोमवारची सकाळ होती. ती नळावर बरणीचं झाकण धूत होती आणि झाकण हातातून पडलं. ते उचलायला वाकली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. म्हणाले, "घशाखाली जे उतरेल ते द्या. घाई करू नका."

उतरत काहीच नव्हतं. पाणी दिलं की ठसका लागे आणि चेहरा काळानिळा होई. पेज ओठांच्या कोपऱ्यातून परत येई. सोमवारी संध्याकाळी मी डब्यातल्या उरलेल्या रोलचा मधला पांढरा भाग कोमट दुधात भिजवला आणि चमच्याच्या टोकाने तिच्या जिभेवर ठेवला. तो उतरला. तिच्या गळ्याची हालचाल मी बोट लावून पाहिली. दुसरा घास ठेवला, तोही उतरला. मी आणि तुमच्या आजोबांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या आठवड्यात माझं सगळं जग त्या डब्यात उरलेल्या चार रोलांत होतं, आणि ते गुरुवारी संपले.

शुक्रवारी संध्याकाळी मी कागद भिंतीला टाचला आणि कामाला लागले. खमीर – बरणीतलं. मी बरणीतलं खमीर घेतलं. सगळं. कोमट पाण्यात कालवलं, मैदा घातला, वर ओलं फडकं टाकून ठेवलं. शनिवारी शाळेतून रजा घेतली होती. सकाळी फडकं उचललं तर पीठ परातीच्या काठाबाहेर आलं होतं. आईच्या हातून ते इतकं कधी फुगलेलं मी पाहिलं नव्हतं. पुढच्या ओळी मी एकेक करून केल्या. उकडलेला बटाटा, मीठ, साखर, लोणी, दूध. कागदावर प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली. रोल भट्टीतून बाहेर आले तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, "आई, तुमची गादी गेली. लेक पुढे निघाली."

आईने दोन खाल्ले. सोमवारपासूनचं तिचं ते सगळ्यात मोठं जेवण. मग ती डाव्या हाताने खूण करू लागली. अंगठा आणि दोन बोटं एकत्र आणून ओढायची, जणू हवेतून काहीतरी तोडून घेते आहे. मला वाटलं, आणखी हवा आहे. मी तिसरा रोल भिजवला. तिने तोंड फिरवलं आणि पुन्हा तीच खूण केली, आणि मग फळीकडे बोट दाखवलं. फळीवर बरणी पालथी घातलेली होती. मी ती खाली काढून तिच्यासमोर धरली.

"बघ, घासून ठेवली. सोड्याने घासली आणि वर आधण ओतलं. काळजी करू नकोस."

तिने बरणीत हात घातला. बोट तळाशी फिरवलं. मग हात काढून घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, दमली.

बुधवारी दुपारी शाळेतून आले. आई दर बुधवारी खमिराला मूठभर पीठ आणि पाणी घाली, हे मला ठाऊक होतं, कारण त्या वेळी मी घरात असे. मागच्या बुधवारी गडबडीत ते राहून गेलं होतं. तिचं ते काम आता आपल्याला करायचं, असं म्हणून मी बरणी फळीवरून खाली घेतली. ती हलकी लागली. पीठ घालायला आत काही नव्हतं, आणि बरणी रिकामी केल्यावर पुढचं खमीर कुठून येणार हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. तेव्हा मला कळलं.

आई दर शनिवारी, मी शाळेत गेल्यावर, फुगलेल्या पिठात मीठ-लोणी घालण्याआधी त्यातला एक गोळा तोडून बरणीत ठेवत असे. तो पुढच्या आठवड्याचा. तिच्या लेखी ते रोलच्या कृतीत बसतच नव्हतं. मी रोल कसे करायचे ते विचारलं, तिने रोल कसे करायचे ते सांगितलं. ज्या रविवारी मी कृती लिहून घेतली त्या दिवशी तर तिने बरणीतलं चिमूटभर खमीर घेऊन मला दाखवण्यापुरतं पीठ मळलं होतं, आणि पुढच्या आठवड्याचा गोळा आदल्या दिवशीच काढून ठेवला असल्यामुळे तो बरणीत तसाच राहिला होता. मी कपाने मोजलं, घड्याळ लावलं, आणि जी एक गोष्ट पन्नास-साठ वर्षं चुकली नव्हती ती एका सकाळी भाजून टाकली. उरलेसुरले कण असतील तर ते मी सोड्याने आणि आधणाने मारले.

मी तिच्या खाटेजवळ जाऊन सांगितलं, "आई, खमीर गेलं." ते तिला शनिवारपासूनच माहीत होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली असती तरी मला कळलं असतं. त्या चेहऱ्याची अर्धी बाजू आता काहीच सांगत नव्हती, आणि उरलेल्या अर्ध्या बाजूवरून मला काही वाचता येईना.

त्यानंतर मी जे जे केलं ते आठवलं तरी लाज वाटते, इतकं ते धडपडीचं होतं. दह्यात पीठ भिजवलं. मनुका भिजत घातल्या. बटाट्याच्या पाण्यात गूळ घालून ठेवलं, त्यावर तिसऱ्या दिवशी गुलाबी बुरशी आली. दह्याचे रोल दगडासारखे झाले. नगरला आईच्या चुलत बहिणीला पत्र टाकलं, कारण तिच्याकडेही कधीकाळी याच खमिरातला गोळा गेला होता. तिचं उत्तर आलं की, आमचं गेल्या उन्हाळ्यातच वाळून गेलं, आता आम्ही बेकरीतून आणतो, तुझ्या आईला सलाम सांग. शनिवारचे रोल संपले तेव्हा कॅम्पातल्या बेकरीतून तुमचे आजोबा गरम पाव घेऊन आले. आईने ओठ मिटून घेतले.

"अगं, पाव तो पाव," आजोबा मला बाहेर येऊन म्हणाले. "भूक लागली की घेतील."

तिने घेतला नाही. चव आवडली नाही म्हणून, की तो पाव जिभेवर कोरडा पडत होता म्हणून, की तिने काही मनाशी ठरवलं होतं म्हणून, ते मला आजही माहीत नाही. साखरेचं पाणी कापसाच्या बोळ्याने ओठांवर पिळायचं, एवढंच राहिलं.

एकच उपाय शिल्लक होता, तो म्हणजे खापरपणजीने जसं धरलं तसं नवं खमीर धरायचं. त्यासाठी शिंदी हवी होती. आणि शिंदी कुठेच मिळत नव्हती, कारण दारूबंदी होती. त्याच महिन्यात वसाहतीतल्या एका फिटरच्या घरात बाटली सापडली म्हणून त्याला आठ दिवसांत खोली रिकामी करायला लावली होती.

आमच्याकडे रोज सकाळी पिंपळे सौदागरहून एक म्हातारासा गवळी दूध घेऊन येई. तेव्हा ते नदीकाठचं लहानसं गाव होतं. मी त्याला ओट्यावर थांबवून हळूच विचारलं.

"शिंदी?" त्याने चरवी खाली ठेवली. "बाई, पाव्हणं आल्यात का गावाकडचं?"

"नाही. पिठात घालायचीय."

"पिठात!" तो हसला. "आमच्याकडं पोटात घालत्यात."

"आईसाठी हवीय. तिला दुसरं काही उतरत नाही. तिचा तो पाव शिंदीशिवाय होत नाही."

तो हसायचा थांबला. आई बरी होती तेव्हा तिने त्यालाही शनिवारचा रोल दिलेला होता. "म्हातारीचं अन्न तुटलंय व्हय?" त्याने विचारलं. मी मान हलवली.

"झाडाला मडकं दिसलं तरी आत टाकत्यात, बाई."

"मला माहीत आहे."

"नदीच्या कडंला एक झाड हाय अजून. बघतो. पर कुठं बोलू नगा."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा वसाहतीच्या फाटकाशी चारपाच माणसं उभी होती. पहारेकऱ्याने गवळ्याला अडवलं होतं. दुधात पाणी घालतात अशी तक्रार आली होती, म्हणून त्या आठवड्यात तो सगळ्यांच्या चरव्या तपासत होता. गवळ्याच्या मोठ्या चरवीत, दुधात बुडवून ठेवलेली, बुचाची एक बाटली निघाली.

"हे काय? दुधाला दूध पाजतोस?" पहारेकरी म्हणाला.

"औषध हाय, सायेब."

पहारेकऱ्याने बूच काढून वास घेतला. "औषधच आहे. माझा सासरा घेतो हे. दोन वेळा, जेवणाआधी." माणसं हसली.

"बाईंचं हाय," गवळी म्हणाला. त्याने मला पाहिलं होतं. "त्यांची आई लई आजारी हाय. इचारा त्यांनाच."

पहारेकरी माझ्याकडे वळला. तो माझ्याशी नेहमी अदबीने बोलत असे, कारण त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. "बाई, हे तुमचं आहे का?"

मी म्हणाले, "नाही. मी काही मागवलेलं नाही."

त्यावर मी कितीतरी वेळा विचार केला आहे. तुमच्या आजोबांची नोकरी गेली असती, खोली गेली असती, अंथरुणावरच्या आईला घेऊन आम्ही कुठे गेलो असतो, हे सगळं खरं आहे. पण खरं तर त्या क्षणी यातलं काहीच माझ्या मनात आलं नाही. माणसं माझ्याकडे पाहत होती, माझ्या अंगावर इस्त्रीची साडी होती, काखेत इंग्रजीची पुस्तकं होती, आणि तोंडातून आपोआप "नाही" निघालं.

गवळी म्हणाला, "बरं, बाई." एवढंच. पहारेकऱ्याने बाटली फाटकाजवळच्या दगडावर उपडी केली. फेस आला आणि मुरमात मुरला. वास सगळीकडे सुटला. आईच्या बरणीचं झाकण उघडल्यावर येई तोच वास होता. मी तिथून चालत शाळेत गेले आणि तीन तास शिकवले.

संध्याकाळी मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला जेवणाचा डबा पुसून फळीवर ठेवला. मग म्हणाले, "बरं केलंस." तुमच्या आजोबांसारखा भला माणूस मी पाहिला नाही. त्यांनी माझं मन राखण्यासाठीच ते म्हटलं असणार. पण त्यांनी "का केलंस" असं विचारलं असतं तर बरं झालं असतं. बरं केलंस म्हटल्यावर पुढे बोलायला काही उरलं नाही, आणि पुढे पंचेचाळीस वर्षं आम्ही त्यावर बोललो नाही.

आई त्यानंतर भराभर खालावत गेली. डाव्या हाताची ती खूण ती अधूनमधून करी. अंगठा, दोन बोटं, ओढणं. मी म्हणे, "हो आई, कळलं. आता कळलं." शेवटच्या दोन दिवसांत तो हातही हलेनासा झाला. पुढच्या गुरुवारी दुपारी, मी तिच्या ओठांवर बोळा पिळत असताना, पाणी तसंच गालावरून खाली गेलं. चर्चचे पाळक येऊन प्रार्थना करून गेले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा तो पाव असता तरी फार फरक पडला नसता." त्यांनी ते माझ्या समाधानासाठी म्हटलं की खरं म्हणून, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

गवळ्याचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी त्याला चौकीत नेलं. दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला वेगळाच माणूस येऊ लागला. आई गेल्यावर महिन्याभराने मी विचारत विचारत त्याच्या घरी गेले. तो शेतावर होता. त्याची बायको दारात बसून भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. तिने मला ओळखलं.

"दोन दिस आत ठेवलं त्यास्नी," ती म्हणाली. "म्हस दुसऱ्याला धार काढू देत न्हाई. कास तुंबली. दोन सड गेलं तिचं." मग शेंगा निवडता निवडताच तिने विचारलं, "आता आनि काय पायजे?"

मी क्षमा मागायला गेले होते. वाटभर वाक्य जुळवलं होतं. "काही नाही," मी म्हणाले आणि परत आले. पुन्हा कधी गेले नाही. आज मी राहते तो फ्लॅट त्याच गावाच्या रानात उभा आहे. तुमच्या मामाने घेतला, जवळ सगळ्या सोयी आहेत म्हणून. त्या घराची जागा कुठे होती ते मला आता ओळखता येत नाही. नदीकाठचं झाडही नाही.

तर धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कृतीत एक ओळ राहिली होती. आई गेल्यावर मी ती कागदावर लिहिली: मीठ घालण्याआधी एक गोळा काढून ठेवावा. तुला पाठवलेल्या प्रतीत मी ती मुद्दाम घातली नाही, कारण तू पाकिटातलं यीस्ट वापरतेस आणि त्या ओळीचा तुला उपयोग नाही. तुझे रोल मऊ होतात म्हणतेस, रंग चांगला येतो म्हणतेस. तुझं काही चुकत नाही. मी करते तेही तसेच होतात. आईचे रोल त्या खमिराचे होते. त्यांची चव किंचित आंबूस आणि मागून गोड असं मी वर लिहिलं, पण खरं सांगायचं तर हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलं आहे की आता मला शब्द आठवतात, चव आठवत नाही.

नगरला आता आमचं कुणी नाही. आईच्या चुलत बहिणीच्या घरी काही असेल म्हणून तिच्या मुलींना मी मधल्या काळात दोनदा विचारलं. त्यांना खमीर म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. खापरपणजीच्या हातचं ते पीठ आता कुठेही जिवंत नाही, आणि ते माझ्या हातून संपलं. कृतीच्या चौदा ओळी आहेत. तेवढ्याच राहिल्या आहेत.